दुखणं विसरलं, म्हणजे ते खोटं होतं का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

वय ६१, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मोठा आजार म्हणावा असा काही नाही, पण बारीकसारीक दुखण्यांनी पिच्छा पुरवला आहे. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो, सकाळी मान आखडलेली असते, पित्ताचा त्रास आहे, पहाटे तीनला जाग आली की झोप परत लागत नाही. बीपीची गोळी चालू आहे आणि दिवसातून पाच-सहा वेळा मशीन लावून बीपी बघायची सवय लागली आहे. गेले दोन महिने मधूनच गरगरतं. घरामागे छोटी बाग आहे. रोज सकाळी त्या तिथे खुर्ची टाकून दीड तास बसतात. सध्या अंजिराच्या खालच्या फांदीवर शिंपी पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं आहे. तो दीड तास काहीही दुखत नाही, आणि नेमकं हेच आता त्यांना टोचू लागलं आहे. मुलगा म्हणतो, "बागेत बसलीस की तुला काही होत नाही, घरात आलीस की सगळं दुखायला लागतं. हे सगळं मनाचं आहे. बसून राहण्यापेक्षा चालायला जा." त्या विचारतात, "मी दुखण्याचं सोंग करते आहे का? की पक्षी बघत बसणं म्हणजे दुखण्यापासून पळ काढणं आहे?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा शिंप्याच्या घरट्यातच रमले. दुसऱ्यांदा मात्र एका वाक्यापाशी अडले. तुम्ही सहज लिहून गेला आहात, "हल्ली मी वरच्या फांद्यांकडे बघतच नाही. वर बघितलं की गरगरतं, म्हणून खालच्या झुडपांतलंच बघते. एवढ्याशासाठी डॉक्टरांकडे काय जायचं?" तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे मी येते, पण आधी हे. तुमच्या सगळ्या तक्रारींत डॉक्टरांच्या कानावर सगळ्यात आधी जायला हवी अशी तक्रार हीच आहे, आणि नेमकी हीच तुम्ही त्यांच्यापासून राखून ठेवली आहे.

आपल्या कानाच्या अगदी आत, तोल सांभाळणाऱ्या भागात, कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वाढत्या वयात कधी कधी त्यातले काही जागचे सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळ्यांमध्ये शिरतात. मग मान वर केली, अंथरुणात कूस बदलली किंवा खाली वाकलं, की ते कण नळीत घरंगळतात आणि डोकं फिरत नसतानाही मेंदूला ते फिरतंय असा निरोप जातो. सगळं गरगरतं, आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत थांबतं. याला व्हर्टिगोचा एक साधा प्रकार म्हणतात. तुमचा त्रास हाच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण असला, तर त्यावर गोळ्यांपेक्षा एक सोपी युक्ती जास्त कामाची आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट तुम्हाला टेबलावर आडवं करून, डोकं ठरावीक क्रमानं वळवत ते कण मूळ जागी परत घालवतात. 'एप्ली' या नावानं ती पद्धत ओळखली जाते. काही मिनिटांचं काम असतं आणि अनेकांना एक-दोन बैठकांतच उतार पडतो. म्हणजे दोन महिने तुम्ही ज्यासाठी अर्धी बाग सोडून दिलीत, ते कदाचित एका सकाळचं काम असेल.

व्हिडिओ बघून हे घरी करू नका. कोणता कान, कोणती बाजू हे आधी तपासून ठरवावं लागतं, आणि तुमची मान आधीच आखडते आहे. शिवाय गरगरण्याची इतरही कारणं असतात. बसल्याचं उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. त्यात बीपीच्या गोळीचा हात असू शकतो, आणि मग मात्रा बदलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. आणि गरगरण्याबरोबर बोलताना जीभ जड झाली, हातापायातली एका बाजूची ताकद गेली, एकाचे दोन दिसू लागले, छातीत दुखलं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं अचानक ठणकलं, तर त्या दिवशी भेटीची वेळ वगैरे बघत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. घरट्यात डोकावायला स्टुलावर चढणंही तोवर बंद.

आता तुमचा पहिला प्रश्न. बागेत बसल्यावर दुखत नाही, म्हणजे दुखणं खोटं?

तुमच्या मुलाचं निरीक्षण बरोबर आहे. त्यातून त्यानं काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि तो अर्थ तुम्ही खरा मानून बसलात याचं मला वाईट वाटलं. खेळताना पडलेलं पोर आठवा. गुडघा फुटलेला असतो, रक्त सुकून गेलेलं असतं, आणि ते घरात येऊन आरशात बघेपर्यंत त्याला पत्ता नसतो. बघतं आणि मग भोकाड पसरतं. खेळताना ती जखम खोटी होती का? दुखण्याचा निरोप आणि दुखणं जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हे समजावण्यासाठी दाराची कल्पना मांडली. गुडघ्याकडून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातल्या एका 'दारातून' जातो. ते दार कधी सताड उघडं असतं, कधी किलकिलं. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो ते याचमुळे. चोळण्याच्या स्पर्शाचा निरोप त्या दारात गर्दी करतो आणि दुखण्याला वाट कमी मिळते. मेंदूकडूनही खाली निरोप येतात, ते दार लोटून घेणारे किंवा उघडणारे. तेव्हापासून या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला आहे. आपलं लक्ष कुठे आहे, आपण धास्तावलेले आहोत की निवांत, यावर दुखणं किती जाणवेल हे खरोखर ठरतं.

म्हणून घरात बसून "आता गुडघा काय म्हणतोय" याच्यावर पहारा दिला की तो जास्त दुखतो, आणि शिंप्याची मादी चोचीत काय घेऊन आली हे बघताना कमी दुखतो. दोन्ही वेळी गुडघा तोच. झिजलेली कूर्चाही, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत अस्तरही, तीच. इतकंच काय, एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसणाऱ्या काहींना फारसं दुखत नाही आणि जेमतेम झीज असणारे काही जण हैराण असतात, हे हाडांचे डॉक्टर रोज बघतात. "मनाचं आहे" हे वाक्य मला फार निर्दय वाटतं, कारण ते ऐकणारा माणूस त्या दिवसापासून आपलं दुखणं सिद्ध करायच्या मागे लागतो. हसायला चोरतो. बरं वाटलं तर ते लपवतो. तुमच्या पत्रात मला त्याची सुरुवात दिसली. "मुलगा घरात असला की मी बागेतून लवकर उठते," असं तुम्ही लिहिलं आहे. ताई, तसं करू नका. जरा बरं वाटण्यावर तुमचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी दुखणं खोटं ठरवायची काही गरज नाही.

झाडांकडे बघण्याचा आजाऱ्याला काही उपयोग होतो का, याचा एक जुना अभ्यास बराच प्रसिद्ध आहे. रॉजर उलरिक यांनी तो १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं दिसणारे रुग्ण थोडे आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठा मनोरा रचू नये. पण मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. त्या रुग्णांची शस्त्रक्रिया झालेली होती, टाके खरे होते, दुखणं कुणी नाकारलेलं नव्हतं, आणि तरीही खिडकीतून काय दिसतं यानं फरक पडला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात.

दुसरा प्रश्न, पळ काढण्याचा. इथे मी तुम्हाला सरसकट दिलासा देणार नाही.

तुम्ही जे करता ते बहुतेक वेळा पळणं नाही असं मला तुमच्या वर्णनावरूनच दिसतं. शिंप्याच्या मादीनं अंजिराच्या पानाच्या कडेला एकेक भोक कसं पाडलं, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा कसा ओढला, भोकाबाहेर धाग्याचा कापसासारखा फुगवटा कसा राहतो आणि तोच टाका धरून ठेवतो, हे तुम्ही पाच ओळींत लिहिलं आहे. भोकं इतकी बारीक असतात की पान सुकत नाही, हिरवंच राहतं, म्हणून घरटं कुणाला दिसत नाही. हे ज्यानं बघितलं तो माणूस तिथे पूर्ण हजर होता. रात्री फोनवर बोट सरकवत वेळ मारून नेणं आणि हे, यांत फरक आहे. बागेतून तुम्ही काहीतरी घेऊन उठता. कालचं आज आठवतं, आजचं उद्या ताडून बघता.

पण एका जागी बागेनं तुमचं नुकसान केलं. वर बघितलं की गरगरतं हे कळल्यावर तुम्ही बघण्याची जागा बदललीत, आणि त्रास जाणवेनासा झाला. खालच्या झुडपात इतकं काही चाललेलं होतं की वरचं सोडल्याची चुटपुटही लागली नाही. आवडीचं काम जितकं गोड, तितकं ते दुखण्याला बेमालूम वळसा घालायला शिकवतं. स्वतःला अधूनमधून एवढंच विचारा: बागेत मी आधी काय करत होते जे आता करत नाही? वाकून तण काढणं थांबलं का, जड झारी उचलणं थांबलं का, लांबचा पक्षी ओळखू येईनासा झाला का? ज्याचं उत्तर "हो" येईल ते डॉक्टरांना सांगायचं. हा प्रश्न इतर वाचकांनीही स्वतःला विचारावा. विशेषतः, "हल्ली पक्षी पूर्वीसारखे बोलत नाहीत" असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कान तपासून घ्यावेत. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. माणसांचं बोलणं व्यवस्थित कळत असतं, आणि सूर्यपक्ष्याची चिवचिव मात्र हळूहळू नाहीशी होते. पक्षी तिथेच असतात.

चालण्याबद्दल मुलगा अर्धा बरोबर आहे. दीड तास एकाच खुर्चीत बसणं तुमच्या गुडघ्यालाही बरं नाही आणि मानेलाही. झिजलेल्या सांध्याला हालचाल लागते, नाहीतर तो आणखी आखडतो. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं दम किंचित लागेल अशी हालचाल करावी आणि पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्यासाठी बाग सोडायची गरज नाही. चालणं की बाग, असा वाद तुम्हा दोघांत उगाच उभा राहिला आहे.

मी असं सुचवेन. खुर्ची हातांची घ्या, फार खोल नको. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं. उठताना शक्य तितकं हातांचा आधार न घेता, मांड्यांच्या जोरावर. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो, जिना उतरताना ते सगळ्यात आधी कळतं. बसल्या बसल्या एक पाय समोर सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा, असं दहा-दहा वेळा. दुखत असेल तिथे थांबायचं आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्यायचं. गरगरणं आटोक्यात येईपर्यंत तोलाचे व्यायाम एकटीनं करू नका. मग बागेला एक सावकाश फेरी. फेरीत बघण्यासारखं काय काय आहे याची तुम्हाला मी काय यादी देणार! तरी लिंबाचं झाड असेल तर त्याच्या पानांवर जरूर नजर टाका. पक्ष्याची शीट पडली आहे असं वाटेल, काळपट तपकिरी, मधे पांढरा डाग. नीट बघा, ती फुलपाखराची अळी असू शकते. भक्षकानं दुर्लक्ष करावं म्हणून तिनं घेतलेलं ते रूप. काही दिवसांनी कात टाकून तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. गवताच्या काडीनं हलकेच डिवचलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच डिवचा, पुन्हा नको. आणि हे सगळं कंबरेच्या उंचीवर चालतं, त्यासाठी मान वर करावी लागत नाही.

मानेचं म्हणाल तर पक्षी बघणाऱ्यांची मान धरणं ही सगळीकडची तक्रार आहे. खुर्ची झाडापासून थोडी लांब न्या. जितकं लांब बसाल तितकी मान कमी वर करावी लागते. त्यासाठी दुर्बीण घ्यायचा विचार तुम्ही लिहिला आहे, तर त्यावरचे आकडे कसे वाचायचे ते सांगते. ८ × ४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहापटीची घ्यावीशी वाटेल, पण जितकं मोठं दिसतं तितकी हाताची थरथरही मोठी होते, म्हणून आपल्या वयाला आठपटच बरी. वजनाला हलकी बघा. पट्टा गळ्यात अडकवण्यापेक्षा दोन्ही खांद्यांवरून पाठीवर जाणारा घ्या, आणि बघताना कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा. नजरेलाही यात विसावा आहे. जवळच्या वस्तूवर नजर धरताना डोळ्यातला एक स्नायू आखडलेला असतो, लांब बघितलं की तो सैल पडतो. दिवसभर पडद्यापुढे बसणाऱ्या वाचकांनी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी खिडकीबाहेर, वीसेक फूट लांब बघावं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, ते यासाठीच.

आता बीपीचं मशीन. दिवसातून सहा वेळा मोजण्यानं तुमचं बीपी कळत नाही, फक्त धास्ती वाढते. धास्तीनं आकडा चढतो आणि चढलेला आकडा बघून पुन्हा धास्ती. मोजायचं तर रीतीनं मोजा. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या उंचीवर टेकलेला हवा, मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. असं सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस. ते आकडे डॉक्टरांच्या खऱ्या कामाचे असतात. एरवी किती वेळा मोजायचं हे त्यांनाच विचारा, आणि मधल्या काळात मशीन कपाटात राहू दे. पहाटे तीनला जाग आल्यावर तर त्याला अजिबात हात लावू नका. पुन्हा झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून मंद उजेडात थोडं बसा, पेंग आली की परत जा. सकाळी बाहेरच्या उजेडात बसता हे झोपेच्या घड्याळासाठी चांगलंच आहे, ते चालू ठेवा. घोरता असं कुणी म्हणत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, घोरण्याचा आणि बीपीचा कधी कधी जवळचा संबंध असतो.

पित्ताबद्दल एकच. पोट भरलेलं असताना बागेत वाकून काम केलं की आम्ल वर येतं. वाकायची कामं खाण्याआधी उरका, किंवा खाल्ल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या. घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

पाण्याच्या भांड्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगते, कारण हे पुष्कळांच्या घरी चुकतं. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरेसं नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पाणी वर आलं की फुटतात. भांडं ब्रशनं खरवडून घासायला हवं, एक दिवसाआड तरी. आणि कबुतरांना दाणे घालू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासातून जात राहिली तर काही जणांची फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. कोरडा खोकला आणि चालताना दम, ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्यानं घराजवळ कबुतरं असतील तर तसं आपणहून सांगावं.

घरट्याबद्दल मला एक अनुभव सांगायचा आहे. काही वर्षांपूर्वी माझी कंबर धरली आणि दीड महिना मी जवळजवळ घरातच होते. खिडकीशी असलेल्या वेलीत बुलबुलानं घरटं केलं. वाटीएवढं, आत तीन अंडी, फिकट गुलाबी, वर तांबूस शिंतोडे. ते दिवस मी त्या घरट्याच्या आधारानं काढले. रोज फांदी बाजूला करून बघायचे, फोटो काढायचे. एका सकाळी घरटं रिकामं होतं. कावळा की मांजर की आणखी कुणी, कळलं नाही. माझ्या रोजच्या ये-जा करण्यामुळे ते कुणाच्या नजरेत आलं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. त्या दिवशी माझी कंबर पुन्हा पहिल्यासारखी ठणकली. म्हणून सांगते, पानाला हात लावू नका, फांदी बाजूला करू नका. शिंपी शेपूट उभी करून एकसारखा ओरडत राहिला तर ते तुमच्याचसाठी आहे असं समजून दोन पावलं मागे या. अंडी साधारण बारा दिवस उबवली जातात आणि पिल्लं आणखी दोनेक आठवडे घरट्यात असतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी महिन्याभरात ते घरटं रिकामं होणार आहे. आणि बागेतली बरीच घरटी सुरळीत पार पडत नाहीत. तुमची सकाळ या एका घरट्यावर टांगून ठेवू नका. अळी आहे, सरडा आहे, मावा (झाडांवरची बारीक कीड) खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे आहेत, पानांतून गोल तुकडे कापून नेणाऱ्या एकांड्या मधमाश्या आहेत.

बाग नसलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या वाचकांनाही यातलं बरंच लागू आहे. खिडकीच्या चौकटीतला एक कोळी महिनाभर पुरतो. डोळे थकले असतील तर कानांनी बघा: रोज पहिला आवाज कुणाचा, किती वाजता, कुठल्या बाजूनं.

राहिला मुलगा. त्याच्याशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. एवढं म्हणून बघा: "बागेत दुखणं कमी जाणवतं हे खरं आहे, आणि दुखणं खरं आहे हेही खरं आहे. चालायला मी येते, तू बरोबर चल. आणि या आठवड्यात मला डॉक्टरांकडे ने." त्याचं बोलणं टोचतं, पण त्याला तुमची काळजी आहे आणि ती कशी बोलावी हे त्याला सुचत नाही असं मला पत्र वाचताना वाटलं. त्याला काम द्या, त्याला ते सोपं जाईल.

भेटीच्या आधी एका कागदावर लिहून ठेवा: गरगरतं तेव्हा डोकं कुठल्या बाजूला वळलेलं होतं, वर की खाली, किती सेकंद टिकलं, कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, आणि किती दिवसांपासून वर बघणं सोडलं आहे. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांना नक्की वाचून दाखवा. तुम्ही दवाखान्यात असाल त्या सकाळी खुर्चीवर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवा, आणि मादी किती वेळा आली, चोचीत काय होतं, ते परत आल्यावर विचारा.